मायक्रोरिॲक्टर

एक मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीच्या नलिकांमधून द्रव किंवा वायू सतत वाहते ठेवून ज्या उपकरणात रासायनिक विक्रिया घडवली जाते, त्याला मायक्रोरिॲक्टर किंवा सूक्ष्म-विक्रियक म्हणतात. (अणुऊर्जेच्या क्षेत्रात हाच शब्द लहान अणुभट्टीसाठी वापरतात, तिचा येथे संबंध नाही.) या नलिका काच, सिलिकॉन, पोलाद किंवा सिरॅमिकच्या पट्ट्यांत कोरलेल्या असतात. १९९०च्या दशकात जर्मनीतील माइन्ट्स आणि कार्ल्सरूह येथील संशोधन संस्थांमध्ये या तंत्रावर बरेच मूलभूत काम झाले.

या उपकरणाचे बहुतेक फायदे नलिकेच्या अरुंदपणातूनच येतात. एक मीटर व्यासाच्या दंडगोल पात्रात दर घनमीटर द्रवामागे बाजूच्या भिंतीचे क्षेत्रफळ ४ चौरस मीटर असते, तर २०० मायक्रोमीटर व्यासाच्या नलिकेत तेच २०,००० चौरस मीटर भरते. त्यामुळे विक्रियेत निर्माण होणारी उष्णता साठण्याआधीच भिंतीतून निघून जाते. नायट्रीकरण किंवा थेट फ्ल्युओरिनीकरण यांसारख्या तीव्र उष्मादायी (भरपूर उष्णता बाहेर टाकणाऱ्या) विक्रियांत मोठ्या पात्रात अभिकारक तासन्‌तास थेंबाथेंबाने घालावा लागतो. हा वेळ विक्रियेला नव्हे, पात्र थंड ठेवण्याला लागतो. सूक्ष्म नलिकेत तो बराचसा वाचतो, आणि तापमान एकसारखे राहिल्याने उपविक्रियाही घटतात.

अशा नलिकांत प्रवाह सहसा स्तरीय असतो, म्हणजे द्रवाचे थर न घुसळता एकमेकांशेजारून वाहतात, म्हणून मिश्रण मुख्यतः विसरणाने (रेणू आपोआप पसरत जाण्याने) होते आणि त्याला लागणारा काळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सामान्य द्रवात लहान रेणूला एक मिलिमीटर पसरायला सुमारे पाव तास लागतो, पण दशांश मिलिमीटरला सुमारे १० सेकंद पुरतात. प्रवाहाचे आणखी पातळ थर केल्यास हा काळ मिलिसेकंदांपर्यंत उतरतो. क्योटो विद्यापीठात जुन-इची योशिदा यांनी याच गुणाचा उपयोग करून, एरवी क्षणात विघटित होणारी ऑर्गॅनोलिथियम संयुगे (कार्बन व लिथियम यांचा बंध असलेली, अतिशय क्रियाशील संयुगे) तयार होताच पुढच्या विक्रियेत वापरून दाखवली.

सुरक्षिततेचा लाभही मोठा आहे. कोणत्याही क्षणी उपकरणात अल्प द्रव्य असल्याने डायाझोमिथेनसारखे विषारी व स्फोटक द्रव्य साठवण्याऐवजी जागीच बनवून लगेच संपवता येते. नलिका पुरेशी अरुंद असेल, तर भिंती उष्णता व मुक्त मूलके (ज्वलन पुढे चालू ठेवणारे अतिक्रियाशील कण) शोषून ज्वाला विझवतात.

उत्पादन वाढवताना पात्र मोठे न करता समांतर नलिकांची संख्या वाढवावी, ही कल्पना आकर्षक असली तरी तिचे वर्णन अनेकदा वाजवीपेक्षा सोपे केले जाते, कारण शेकडो नलिकांत प्रवाह समान वाटणे हीच खरी अडचण असते. शिवाय प्रवाहाचा दर तोच ठेवून व्यास निम्मा केल्यास दाबातील घट १६ पट होते. घन अवक्षेप तयार झाला तर नलिका तुंबते. मुळातच संथ असलेल्या, तासन्‌तास चालणाऱ्या विक्रियांना, तापमान किंवा दाब वाढवून त्यांचा वेग वाढवता येत नसेल, तर या अरुंदपणाचा फारसा उपयोग होत नाही.