पाण्यात मीठ टाका, मिठात पाणी नको: रीफ टँकचं पाणी बनवताना नेमकं काय होतं

रीफ टँक, म्हणजे घरात कोरल (प्रवाळ) पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी, नवीन लावणाऱ्या बहुतेकांना वाटतं की खारं पाणी म्हणजे मीठ विरघळवलेलं पाणी, त्यात काय एवढं. अर्धं खरं आहे ते. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यातले ३० ग्रॅम सोडियम नि क्लोराइड, म्हणजे आपलं खायचं मीठच. पण कोरलचा जीव अडकलाय उरलेल्या ५ ग्रॅममध्ये. त्यात सल्फेट २.७ ग्रॅम, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी ०.४ च्या आसपास, आणि अगदी थोडं बायकार्बोनेट. कोरल आपला सांगाडा बांधतं तो कॅल्शियम आणि कार्बोनेटचा, त्यामुळे नुसतं खायचं मीठ टाकून खारटपणा बरोब्बर जुळवला तरी बांधकामाला मालच नसतो.

तयार सॉल्ट मिक्स, म्हणजे हे सगळे क्षार असलेलं पाकिटातलं मीठ, कुठेही चालतं यामागे एक जुनी गोष्ट आहे. १८७२ ते १८७६ मध्ये चॅलेंजर नावाचं जहाज जगभरच्या समुद्रांतून फिरलं, त्यावर गोळा केलेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापले. समुद्र कुठे जास्त खारट, कुठे कमी, पण मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास सगळीकडे तेच! म्हणून एकाच रेसिपीवर काम भागतं.

आता मुद्द्याचं. समुद्राच्या वरच्या थरातल्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट खरं तर मावतं त्यापेक्षा जास्त विरघळलेलं असतं, म्हणजे ते कधीही साका होऊन तळाला बसू शकतं. मग बसत का नाही? मॅग्नेशियममुळे. ते वजनाने कॅल्शियमच्या तिप्पट असतं आणि नवीन स्फटिक वाढायला लागला की त्याच्या पृष्ठभागावर जाऊन चिकटतं, पुढची वाढ अडवतं. हा तोल इतका नाजूक आहे आणि कोरल त्याच्यावरच जगतं, मला अजूनही याचं नवल वाटतं.

बादलीत आपण हाच तोल काही मिनिटांत उभा करायला बघतो. आधी मीठ ओतून वरून पाणी सोडलं तर पहिल्या काही लिटरमध्ये सगळं मीठ एकवटतं, तिथे कॅल्शियम आणि कार्बोनेट इतके दाटीने समोरासमोर येतात की मॅग्नेशियमला न जुमानता साका पडतो. म्हणून आधी सगळं पाणी, त्यात पॉवरहेड (पाणी ढवळणारा छोटा पंप) जोरात चालू, आणि मग मीठ थोडं थोडं. गरम पाण्याचा मोहही टाळा. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियम कार्बोनेटचं नेमकं उलटं, पाणी तापलं की ते बाहेर पडायला बघतं, पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो तो हाच.

मी एकदा घाईत दोन्ही चुका एकत्र केल्या, बादलीत आधी मीठ आणि वर कोमट पाणी. पाणी दुधासारखं पांढरं झालं, मला वाटलं ढवळत ठेवलं की निवळेल, आणि सकाळी निवळलंही, पण तळाला हाताला खरखरीत लागणारी पांढरी पूड बसली होती. वरचं पाणी काढून त्या पुडीवर चमचाभर व्हिनेगर टाकलं तर फसफसून बुडबुडे आले, म्हणजे कार्बोनेटच. वाईट याचं की रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं उपकरण, ३५ पीपीटीच (हजार भागांत ३५ भाग क्षार) दाखवत होता! कॅल्शियम नि कार्बोनेट मिळून त्या ३५ ग्रॅममधला इतका छोटा हिस्सा आहेत की ते कमी झाल्याचं खारटपणात कळतच नाही, अल्कलिनिटीची (पाण्यात बायकार्बोनेट-कार्बोनेट किती ते सांगणारी) टेस्ट केली तेव्हा ती घसरलेली दिसली. आणि ही पूड कितीही ढवळली तरी परत विरघळत नाही, कारण त्या पाण्यात तिच्यासाठी जागाच नसते. ते पाणी मी सरळ ओतून दिलं.

पाणी आरओ-डीआय फिल्टरमधून क्षार काढून टाकलेलंच घ्या, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण) शून्य दाखवणारं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवता येतं पण पाइपातून आलेलं तांबं अगदी थोडं असलं तरी कोरल आणि कोळंबीला विष आहे, आणि फॉस्फेट-नायट्रेट आलं की शेवाळ माजलंच समजा.

मीठ कपाने मोजू नका, वजन करा. त्यातली मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची क्लोराइडं हवेतला ओलावा खेचतात, डबा उघडा राहिला की मिठाला पाणी सुटतं, खडे होतात, मग आजच्या कपात नि महिन्याभराने भरलेल्या कपात सारखं मीठ नसतं. लिटरला ३६ ते ४० ग्रॅम लागतं, नेमकं किती ते ब्रँडवर, पाकिटावर दिलेलं असतं. प्रवासात डब्यातले बारीक-जाड कण वेगळे होतात म्हणून वापरायच्या आधी डबा बंद करून नीट हलवून घ्या.

रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन फ्लुइडनेच (खारटपणा आधीच ठरवलेल्या द्रवाने) जुळवून घ्या, नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवून भागत नाही, कारण स्वस्तातले बरेच नग साध्या मिठाच्या पाण्यासाठी बनवलेले असतात. हायड्रोमीटर (शुद्ध पाण्याच्या तुलनेत पाणी किती जड त्यावरून खारटपणा दाखवणारं काट्याचं उपकरण) असेल तर २५ अंशांना १.०२६ च्या आसपास वाचन हवं, आणि काट्याला बुडबुडा चिकटलेला नाही ना ते बघा, एक बुडबुडा काटा वर उचलून खोटं वाचन देतो.

आणि एक, टँकमधून उडतं ते फक्त पाणी, मीठ तिथेच राहतं. १०० लिटरच्या टँकमधून ५ लिटर उडालं आणि तुम्ही त्या जागी खारं पाणी भरलं की ३५ चं जवळपास ३७ झालं, असं तीनदा केलं की ४० च्या वर. टॉप-अपला, म्हणजे उडालेलं पाणी भरून काढायला, नेहमी गोडं आरओ-डीआय पाणी, खारं पाणी फक्त वॉटर चेंजला, म्हणजे टँकमधलं थोडं जुनं पाणी काढून नवं भरताना, तेही टँकच्या तापमानाला आणून.