हरित वेब होस्टिंग : व्यवसायाच्या संकेतस्थळासाठी निवड

संकेतस्थळाच्या फाइली, डेटाबेस आणि बहुतेक वेळा ईमेलही ज्या सर्व्हरवर राहतो, तो कमी कार्बनच्या विजेवर, वीज-पाणी वाया न घालवता आणि यंत्रे पुरेपूर वापरून चालवणाऱ्या सेवेला हरित होस्टिंग म्हणतात. व्याख्या सोपी आहे. अडचण ‘ग्रीन’ या शब्दाची आहे, कारण उद्योगात त्याला ठरलेला एकच अर्थ नाही. एक होस्ट पवनचक्कीशी थेट करार करतो, दुसरा बाजारातून प्रमाणपत्रे विकत घेतो, तिसरा झाडे लावतो. तिघांच्याही पानावर हिरवे पानच झळकते.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी (हे सर्व्हर जिथे ठेवतात त्या इमारतींनी) सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापराच्या हे साधारण दीड टक्का होते.

मोठा फरक कशाने पडतो

होस्ट निवडताना पहिला प्रश्न ‘वीज कुठली’ हा नसून ‘आपण किती यंत्र अडवून ठेवतो’ हा असतो. सर्व्हरवर कोणी येवो न येवो, तो वीज खातच राहतो. हलक्या कामावर सरासरी १०० वॅट घेणारा एक स्वतंत्र सर्व्हर वर्षाला ८७६ युनिट वापरतो. थंडावा आणि यूपीएसमधली गळती धरून डेटा सेंटरचा एकूण वापर दीडपट मानला, तर आकडा १,३१४ युनिटवर जातो. भारतीय ग्रिडची वीज युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणजे वर्षाला सुमारे ९२० किलो झाले. तेच यंत्र २०० छोट्या साइट मिळून वापरत असतील, तर एकेकीच्या वाट्याला साडेचार-पाच किलोच येतात.

दिवसाला तीनशे भेटी असलेल्या फर्निचरच्या दुकानाने ‘ग्रीन’ म्हणून अख्खा स्वतंत्र सर्व्हर भाड्याने घेणे, हे एकट्या माणसाने विजेवर चालणारी बस घेण्यासारखे आहे. माहिती देणाऱ्या साध्या साइटला शेअर्ड होस्टिंग (एकच सर्व्हर अनेक साइटनी वाटून घेणे) पुरते. महिन्याला काही हजार ऑर्डर असलेल्या दुकानाला दोन ते चार जीबी मेमरीचा व्हीपीएस, म्हणजे सर्व्हरचा आपल्यासाठी राखून ठेवलेला भाग, पुरतो. ‘पुढे वाढ होईल’ म्हणून आधीच घेतलेली आठ जीबी मेमरी बहुधा रिकामीच पडून राहते. व्हीपीएस मोठा करणे हे दहा मिनिटांचे काम आहे. छोटा करायला मात्र अनेक होस्टांकडे पुन्हा नव्याने मांडणी करावी लागते, कारण वाढवलेली डिस्क मागे घेता येत नाही. त्यामुळे सुरुवात छोट्यावरून करावी.

पीयूई

डेटा सेंटरने घेतलेली एकूण वीज भागिले संगणकीय यंत्रांनी वापरलेली वीज, हे गुणोत्तर म्हणजे पीयूई. ‘द ग्रीन ग्रिड’ या उद्योगसंघटनेने २००७ मध्ये ते रूढ केले. १.० हा आदर्श. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या पाहण्यांत जागतिक सरासरी गेली काही वर्षे १.५५ ते १.६० च्या आसपास घुटमळते आहे, तर गुगल आपल्या ताफ्यासाठी १.१ च्या आसपासचा आकडा देते.

होस्टने आकडा सांगितला की तो मोजलेला वार्षिक आहे की आराखड्यातला, हे विचारावे. आराखड्यातला आकडा इमारत पूर्ण भरलेली असल्याचे गृहीत धरतो. प्रत्यक्षात अर्धी रॅक रिकामी असतात, चिलर (थंडाव्याची यंत्रे) मात्र चालू असतात, आणि १.४ चे १.७ होतात. शिवाय पीयूई वीज कुठून आली हे सांगत नाही. कोळशाच्या विजेवरही १.१ गाठता येतो. पाण्यावर हवा गार करणाऱ्या केंद्रांत कधी कधी पीयूई छान आणि पाण्याचा वापर भरमसाट असतो. म्हणून युनिटमागे किती लिटर पाणी लागते, हा जोडप्रश्न टँकरवर जगणाऱ्या भागात तरी सोडू नये.

विजेमागचा कागद

ग्रिडमध्ये शिरलेल्या विजेला रंग नसतो. ‘शंभर टक्के हरित’ म्हणजे बहुतेक वेळा वर्षभरात जितकी युनिटे वापरली तितकी हरित युनिटे कुठेतरी तयार झाली आणि त्यांचा कागद आपल्याकडे आहे, इतकेच. हरितगृह वायूंच्या हिशेबाचे जागतिक मापदंड २०१५ पासून विजेचे उत्सर्जन दोन प्रकारे मांडायला सांगतात : स्थानिक ग्रिडप्रमाणे, आणि विकत घेतलेल्या करार-प्रमाणपत्रांप्रमाणे. होस्ट दुसरा आकडा मोठ्या अक्षरांत देतात. पहिला मागून घ्यावा लागतो.

भारतात अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रांची, म्हणजे आरईसीची, व्यवस्था २०१० पासून आहे. एक प्रमाणपत्र म्हणजे १,००० युनिटे. प्रमाणपत्र घेणे वाईट नाही, पण जुन्या, आधीच उभ्या असलेल्या प्रकल्पाचे प्रमाणपत्र घेतल्याने नवी पवनचक्की उभी राहतेच असे नाही. नव्या प्रकल्पाशी दहा-पंधरा वर्षांचा खरेदी करार करणारा होस्ट म्हणूनच वरच्या पायरीवर धरावा. २०२२ च्या हरित ऊर्जा खुला प्रवेश नियमांनी थेट खरेदीची मर्यादा एक मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली, त्यामुळे मध्यम आकाराच्या डेटा सेंटरलाही सौर किंवा पवन उत्पादकाकडून वीज घेण्याचा मार्ग खुला आहे. ऑफिसातच सर्व्हर ठेवणाऱ्यांसाठी दुसरी सोय आहे : राज्य वीज नियामक आयोगाने २०२१ मध्ये महावितरणच्या ग्राहकांना नेहमीच्या दरावर युनिटमागे ६६ पैसे जादा भरून पूर्ण हरित वीज घेण्याची मुभा दिली. दर पुढे बदलतात, चालू आदेश पाहावा.

ग्रीनगीक्स ही अमेरिकी कंपनी वापराच्या तिप्पट हरित विजेचा दावा करते. हिशेब कागदावर बरोबर असला, तरी रात्री दोन वाजता सर्व्हरला लागणारी वीज सौर प्रमाणपत्र देत नाही. हीच फट बुजवण्यासाठी गुगलने २०३० पर्यंत तासागणिक कार्बनमुक्त वीज जुळवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ॲमेझॉनने २०२३ चा वापर शंभर टक्के जुळवल्याचे जाहीर केले, ते वार्षिक हिशेबाने. दोन्ही विधाने एकाच तराजूत टाकू नयेत.

झाडे लावण्याचा दावा सर्वांत खालच्या पायरीचा. रोप मोठे होऊन कार्बन शोषायला वर्षे लागतात, वीज आज जळते.

मुंबई की बाहेर

भारतातल्या डेटा सेंटरांचा मोठा गठ्ठा मुंबई-नवी मुंबईत आहे : ऐरोली, रबाळे, महापे, चांदिवली, पनवेल. समुद्राखालच्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात, एमआयडीसीत जागा आणि वीज मिळते, ग्राहकही इथेच आहेत. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ पासून, गुगल क्लाउडचे २०१७ पासून, तर मायक्रोसॉफ्टचे पुण्यातले केंद्र २०१५ पासून सुरू आहे. पण दमट उकाड्यामुळे वर्षभर थंडावा करावा लागतो आणि पश्चिम भारताच्या विजेत कोळशाचा वाटा मोठा आहे. फ्रान्सच्या ग्रिडची वीज अणुऊर्जेमुळे युनिटमागे ५० ग्रॅमच्या आसपास कार्बन सोडते. वरचाच १०० वॅटचा सर्व्हर तिथे १.२ पीयूईने चालला, तर वर्षाचे ९२० किलो घसरून पन्नासेक किलोवर येतात. कोणताही बिल्ला हा फरक भरून काढत नाही. हेट्झनरसारखे जर्मन होस्ट जलविद्युत वापरल्याचे सांगतात. जिनिव्हाजवळच्या इन्फोमॅनियाकच्या केंद्रातली उष्णता घरांच्या तापन-जाळ्यात सोडली जाते. आपल्याकडे ती उष्णता घेणारे कोणी नाही, ही वेगळी गोष्ट.

मग सगळ्यांनी युरोपात जावे का? ग्राहक कोण यावर ते ठरते. मुंबईहून फ्रँकफर्टला जाऊन यायला साधारण ११० ते १३० मिलिसेकंद लागतात. नवी जोडणी, टीएलएस (ती सुरक्षित करण्याची देवाणघेवाण) आणि पहिली विनंती अशा तीन फेऱ्या धरल्या, तर पहिले अक्षर यायलाच सेकंदाचा तिसरा हिस्सा जातो. न बदलणारी पाने सीडीएनवर (प्रती ग्राहकाजवळच्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या जाळ्यावर) ठेवली की हा उशीर जाणवत नाही. कार्ट, लॉगिन, साठा दाखवणारी पाने मात्र मूळ सर्व्हरवरूनच येतात. कोल्हापूरच्या चप्पल-विक्रेत्याचे गिऱ्हाईक महाराष्ट्रात असेल तर मुंबईतला सर्व्हर बरा. लंडन-दुबईच्या मराठी कुटुंबांना फराळ पाठवणाऱ्याला युरोप चालतो. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये पेमेंटचा डेटा भारतातच ठेवण्याचे बंधन पेमेंट व्यवस्थांवर घातले, पण पेमेंट गेटवे (पैसे घेण्याची बाहेरची सेवा) वापरणाऱ्या दुकानाच्या सर्व्हरवर कार्डाचा तपशील साठतच नाही, त्यामुळे त्याची भीती बाळगायचे कारण नाही.

होस्टची तपासणी

नेदरलँड्समधल्या ग्रीन वेब फाउंडेशनच्या तपासणी पानावर साइटचा पत्ता टाकला, की तिचा आयपी पत्ता (सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता) ज्या पुरवठादाराचा आहे त्याने हरित विजेचा पुरावा नोंदवला आहे का हे दिसते. इथे दोन चुका नेहमी होतात. साइटपुढे सीडीएन असेल तर उत्तर सीडीएनचे येते. तो हिरवा असला, की मागचा मूळ सर्व्हर कोळशावर असूनही साइट हिरवी दिसते. म्हणून होस्टने दिलेला मूळ सर्व्हरचा पत्ता वेगळा तपासावा. दुसरी चूक उलटी : निकाल राखाडी आला म्हणजे होस्ट वाईट असे नव्हे, त्याने नाव नोंदवले नसेल.

आपल्याकडचे बरेच छोटे होस्ट रिसेलर, म्हणजे दुसऱ्याची सेवा पुन्हा विकणारे, असतात. त्यांनाही ठाऊक नसते की यंत्र नेमके कुठे आहे. खरेदीपूर्वी विक्री विभागाला पाठवायचे प्रश्न थोडके असावेत :

- आमची साइट कोणत्या शहरातल्या, कोणत्या डेटा सेंटरमध्ये असेल? ते तुमचे की भाड्याचे?
- मागच्या वर्षाचा मोजलेला पीयूई किती?
- हरित वीज थेट कराराची की प्रमाणपत्रांची? प्रमाणपत्रे कोणत्या वर्षाची, कोणत्या देशातली?
- सर्व्हर किती वर्षांनी बदलता आणि जुने कोणाला देता?

शेवटचा प्रश्न अनेकांना फालतू वाटतो. पण सर्व्हर तयार करतानाच बराच कार्बन खर्च झालेला असतो, त्यामुळे चारऐवजी सहा वर्षे चालवलेले यंत्र हीच मोठी बचत. भारतात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, नोंदणीकृत पुनर्चक्रकाचे नाव सांगता आले पाहिजे. ‘आमचे पार्टनर ग्रीन आहेत’ एवढेच उत्तर आले, तर उत्तर मिळाले नाही असे समजावे.

डिझेल जनित्रांवरून होस्टला नापास करू नये. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई महानगरात वीज गेली, तशा दिवसांसाठी ती असतात. एरवी चाचणीपुरतीच चालतात, आणि वर्षाच्या हिशेबात ग्रिडच्या विजेपुढे त्यांचा वाटा किरकोळ राहतो.

साइट हलवताना

हलवण्याच्या दोन दिवस आधी डीएनएसचा (साइटच्या नावाला सर्व्हरचा पत्ता जोडणाऱ्या नोंदींचा) टीटीएल, म्हणजे तो पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत, ३०० सेकंदांवर आणावा. सीपॅनेल या होस्टिंग सांभाळण्याच्या साधनामध्ये तो बहुधा १४,४०० असतो, म्हणजे पत्ता बदलल्यावरही चार तास काही गिऱ्हाइके जुन्याच सर्व्हरवर ऑर्डर टाकत राहतात. फाइली आणि डेटाबेस उतरवून नव्या जागी चढवावेत, स्वतःच्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा पत्ता लिहून साइट पाहावी, मगच डीएनएस बदलावे.

मराठी साइटची खास फजिती इथे होते. डेटाबेस लॅटिन-१ या देवनागरी नसलेल्या अक्षरसंचाने उतरवला, की चढवल्यावर प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह दिसते. एकदा प्रश्नचिन्ह साठवले गेले की मूळ अक्षर त्यातून परत मिळत नाही, जुन्या प्रतीवरून पुन्हा उतरवावे लागते. निर्यात आणि आयात दोन्ही वेळा यूटीएफ-८-एमबी-४ हा सर्व लिपी सामावणारा अक्षरसंच स्पष्ट लिहावा. ईमेल जुन्याच होस्टवर असेल तर एमएक्स नोंदींना (ईमेल कुठे पोचवायचा हे सांगणाऱ्या) हात लावू नये. पूर्ण झोन (साइटच्या सगळ्या डीएनएस नोंदी) नव्या होस्टकडे नेताना एमएक्स नोंदी गळाल्या, तर चौकशीची पत्रे हरवतात आणि ते लक्षात यायला आठवडा जातो. पत्ता बदलेपर्यंत लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचे, साइटची जोडणी सुरक्षित करणारे प्रमाणपत्र नेहमीच्या पद्धतीने निघत नाही. त्याआधी डीएनएसमध्ये नोंद करण्याच्या पद्धतीने ते काढून ठेवावे.

आठवडाभराने जुन्या सर्व्हरची अखेरची प्रत घेऊन तो रद्द करावा. आपोआप नूतनीकरण सुरू राहिलेला जुना सर्व्हर म्हणजे एका साइटसाठी दोन यंत्रे.

पानाचे वजन

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दाला ३० बाइट लागतात. ब्रॉटली किंवा जीझिप दाबणी (पाठवण्याआधी मजकूर आटोपशीर करणे) सुरू असली की हा बोजा बराच उतरतो, म्हणून ती सोय होस्टकडे आहे ना हे पाहावे. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टही रोमनपेक्षा जड असतो. साध्या व जाड अशा दोन वजनांपुरताच तो ठेवावा. खरी भर मात्र मोबाइलवरून थेट चढवलेल्या चार-पाच एमबीच्या फोटोंची असते. १,२०० पिक्सेल रुंद, वेबपी या हलक्या स्वरूपातला फोटो बहुधा दीडदोनशे केबीत बसतो.

दर जीबीमागे किती वीज, याचे आकडे जपून वापरावेत. सस्टेनेबल वेब डिझाइन या प्रचलित पद्धतीत आधी ०.८१ युनिट धरत. २०२४ च्या चौथ्या आवृत्तीत तो आकडा निम्म्याहूनही खाली आला. साइट तीच, पद्धत बदलली. म्हणून अशा गणकाचे निकाल स्वतःच्याच जुन्या-नव्या पानाची तुलना करायला, तीही एकाच आवृत्तीने, वापरावेत.

साइटवर काय लिहावे

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ‘ग्रीन’, ‘पर्यावरणस्नेही’ असे शब्द जाहिरातीत पुराव्याविना वापरता येत नाहीत. युरोपीय ग्राहकांना माल विकणाऱ्यांसाठी तर केवळ भरपाईवर (दुसरीकडे कार्बन कमी करण्यासाठी पैसे देण्यावर) आधारलेले कार्बनशून्यतेचे दावे २७ सप्टेंबर २०२६ पासून बंद होत आहेत. तळटिपेत होस्टचा बिल्ला चिकटवण्याऐवजी सर्व्हरचे शहर, विजेच्या कराराचा किंवा प्रमाणपत्राचा प्रकार आणि वर्ष एवढे एका ओळीत लिहावे, आणि होस्ट बदलला की ती ओळही बदलावी.