पेपरात ‘विधेयक मंजूर’ आलं, मग कचेरीत ‘आमच्याकडे आलेलं नाही’ का म्हणतात?

असा मथळा आला की दोन दिवसांत कोणीतरी कात्रण घेऊन कचेरीत जातं आणि हात हलवत परत येतं. समोरचा कारकून म्हणतो, “आमच्याकडे असं काही आलेलं नाही.” त्याचा सूर चुकीचा असेल, पण म्हणणं बहुतेक वेळा खरं असतं. विधेयक कायदा होईपर्यंत वाटेत बरीच ठाणी लागतात.

आधी पात्रता. विधेयक सभागृहाचा सदस्यच मांडू शकतो. मंत्र्याने मांडलं तर शासकीय, इतर आमदाराने मांडलं तर अशासकीय, आणि अशासकीय विधेयक मंजूर होणं म्हणजे उंबराचं फूल. नागरिकाला थेट मांडता येत नाही. स्टॅम्पपेपरवर मसुदा टाइप करून, नोटरीचा शिक्का मारून आणलेले लोक मी पाहिलेत. तो खर्च वाचवा. साध्या कागदावर मागणी लिहून आमदारांना द्या आणि पोच घ्या.

विधेयकाला उद्देश व कारणे यांचे निवेदन जोडलेलं असतं, तिजोरीवर भार पडणार असेल तर त्या खर्चाचं टिपण, म्हणजे वित्तीय ज्ञापनही. लोक उद्देशांचं निवेदन वाचून खूश होतात किंवा चिडतात. पण बंधन असतं ते कलमांचं. ती वाचा.

पुढे पुरःस्थापना (सभागृहात मांडणं), चर्चा, खंडशः विचार (एकेका कलमावर), मतदान, मग दुसऱ्या सभागृहात तेच. गोंधळात चार-पाच विधेयकं काही मिनिटांत मंजूर होतात, तेव्हा हा सगळा टप्पा नुसता कागदावर उरतो.

तुमचा हात खरा पोचतो तो विधेयक समितीकडे गेलं तर. महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकावर (बेकायदा कारवाया करणाऱ्या संघटनांविरुद्धचं) दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या होत्या. समिती सूचना मागवायला जाहिरात देते, तिच्यातली तारीख ही सूचना पोचण्याची असते. शेवटच्या दिवशी पोस्टात टाकलेलं पाकीट उशिरा पोचतं, मग ‘आमचं ऐकलंच नाही’ म्हणून उपयोग नाही. आणि ‘हा काळा कायदा रद्द करा’ एवढंच लिहू नका. कलम क्रमांक, त्यातले खटकणारे शब्द, त्याजागी काय हवं, हे तिन्ही लिहा. एवढं असलं की समितीला ते बाजूला सारणं अवघड जातं.

याच विधेयकाने आणखी एक गोष्ट दाखवली. ते जुलै २०२४ मध्ये मांडलं गेलं, पण ती विधानसभाच संपली आणि डिसेंबरमध्ये नव्या सभागृहात पुन्हा मांडावं लागलं. मंजुरी मिळाली जुलै २०२५ मध्ये. अधिवेशन संपल्याने विधेयक मरत नाही. विधानसभा विसर्जित झाली की मात्र तिच्यापुढचं प्रलंबित विधेयक व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द होतं, तिने मंजूर करून विधान परिषदेकडे पाठवलेलंसुद्धा.

विधान परिषदेने अडवलं तर? संसदेसारखी संयुक्त बैठक राज्यात नसते. परिषद पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा मंजूर केल्यावर एक महिना रोखू शकते, धन विधेयक फक्त चौदा दिवस. शेवटी शब्द विधानसभेचा.

मुदतींपैकी सर्वांत जास्त चुकीची वाचली जाते ती अध्यादेशाची, म्हणजे अधिवेशन नसताना राज्यपाल काढतात त्या तात्पुरत्या कायद्याची. तो ज्या ‘सहा आठवड्यां’नंतर संपतो, ते तो निघाल्यापासून मोजायचे नाहीत, दोन्ही सभागृहांचं अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून मोजायचे. तारखा वेगळ्या असतील तर नंतरची धरायची. जादूटोणाविरोधी अध्यादेश ऑगस्ट २०१३ मध्ये निघाला आणि डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात त्याचं विधेयक मंजूर झालं. मधल्या काळात तो पूर्ण लागू होता, तरी ‘मुदत संपली’ म्हणणारे तेव्हाही होतेच.

दोन्ही सभागृहांनंतर राज्यपालांची संमती. संविधानात ‘शक्य तितक्या लवकर’ एवढंच आहे, दिवस दिलेले नाहीत; न्यायालयांनी सरसकट मुदत आखून देऊ नये, असं मत सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलं. केंद्राच्या कायद्याशी विसंगती असेल तर फाईल राष्ट्रपतींकडे जाते आणि तिथे किती काळ बसेल याचा नेम नाही. सामाजिक बहिष्कारविरोधी विधेयक एप्रिल २०१६ मध्ये मंजूर झालं, लागू झालं जुलै २०१७ मध्ये. मधलं सव्वा वर्ष जातपंचायतीने वाळीत टाकलेली माणसं ‘कायदा झालाय ना?’ विचारत होती. गोवंश हत्याबंदीची दुरुस्ती १९९५ मध्ये मंजूर झाली आणि राष्ट्रपतींची संमती आली २०१५ मध्ये. महिला-मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण कायदा झालंच नाही.

संमतीनंतर राजपत्र, म्हणजे शासनाचं अधिकृत प्रसिद्धीपत्र (गॅझेट). तिथेही एक वाक्य अडवतं: ‘राज्य शासन अधिसूचनेद्वारे नियत करील त्या दिनांकास हा अधिनियम अंमलात येईल.’ हे दिसलं तर ती दुसरी अधिसूचना शोधा. शिवाय अर्जाचा नमुना, फी, कुठला अधिकारी, हे बऱ्याचदा नियमांत असतं, आणि नियम निघायला खात्याची सवड लागते.

म्हणून कचेरीत जाताना कात्रण घरी ठेवा आणि असाधारण राजपत्राची प्रत न्या. वर ‘विधानसभा विधेयक क्रमांक’ असेल तर तो अजून प्रस्तावच आहे. ‘महाराष्ट्र अधिनियम क्रमांक’ हवा. सोबत अंमलाची अधिसूचना जोडा. एवढं दाखवूनही ‘आलेलं नाही’ म्हणाले, तर अर्ज आवक-जावकला द्या आणि नकार लेखी मागा.