सांख्याचं द्वैत आणि देकार्तचं द्वैत: मन नदीच्या कुठल्या काठावर?

पाहुण्यांना नाशिकच्या तपोवनात कपिला संगमावर नेलं की कुणीतरी हमखास सांगतंच, इथे कपिल मुनींनी तप केलं, सांख्य दर्शन त्यांचं, आणि लगेच पुढचं वाक्य येतं, "शरीर वेगळं, मन वेगळं. देकार्तने युरोपात नंतर तेच सांगितलं." व्हॉट्सअ‍ॅपवर तेच, भाषणात तेच. अहो, नाहीये तेच! मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण सांख्यातली सगळ्यात धाडसी गोष्ट नेमकी या वाक्यात पुसली जाते.

देकार्त हा फ्रेंच तत्त्वज्ञ बहुतेकांना माहितीये म्हणून पटकन सांगतो. १६४१ साली त्याने मांडलं की सगळ्यावर शंका घेतली तरी शंका घेणारा मी उरतोच, हा मी म्हणजे विचार करणारं मन, ते जागा व्यापत नाही आणि शरीर जागा व्यापतं, म्हणजे दोन वेगळी द्रव्यं. बास.

आता खरा घोळ. गोदावरीच्या एका काठाला जुनं नाशिक, पलीकडे पंचवटी. समजा शरीर जुन्या नाशकात राहतं. देकार्तने मन पंचवटीत नेऊन ठेवलं. सांख्यानेही नदी मधे ठेवलीच आहे, पण मन शरीराच्याच काठावर आहे, आणि नुसतं मन नाही, बुद्धी आणि अहंकारसुद्धा (अहंकार म्हणजे गर्व नव्हे, 'मी'पणाची जाणीव). हे सगळं प्रकृती, म्हणजे जड, अचेतन. विचार करणं, ठरवणं, 'मी' म्हणणं, ही सगळी जडाचीच कामं! पलीकडे एकटा पुरुष, म्हणजे नुसतं चैतन्य, जो काहीच करत नाही, फक्त बघतो. देकार्त ज्याला 'मी' म्हणून घट्ट धरून बसला तो अहंकार सांख्याच्या २५ तत्त्वांत मातीपाण्याच्याच बाजूला मोजलाय. पटत नसेल तर गीतेचा सातवा अध्याय काढा, चौथा श्लोक. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, आकाश, मन, बुद्धी, अहंकार, आठही एकाच रांगेत. तेराव्यात तर इच्छा, द्वेष, सुख, दुःख हेसुद्धा क्षेत्रातच, म्हणजे शरीराच्याच बाजूला टाकलंय. आपण पाठ म्हणतो पण थांबून बघत नाही.

यामुळे अडचणसुद्धा बदलते. बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने १६४३ मध्ये देकार्तला पत्रातून विचारलं की ज्याला आकारच नाही ते मन शरीराला हलवतं कसं, आणि माझ्या मते त्याला धड उत्तर शेवटपर्यंत देता आलं नाही. सांख्याला हा प्रश्न पडतच नाही, कारण मन आणि हात एकाच मालाचे. पण त्यांचा प्रश्न दुसरीकडे अडतो, काहीच न करणाऱ्या पुरुषामुळे प्रकृती कामाला लागते कशी? सांख्यकारिकेत, म्हणजे सांख्याच्या मुख्य ग्रंथात, पांगळा आणि आंधळा एकमेकांच्या आधाराने चालतात असा दृष्टान्त दिलाय, आणि शंकराचार्यांनी तो बरोबर पकडला, पांगळा निदान बोलून वाट दाखवतो, तुमचा पुरुष तेवढंही करत नाही. मला शंकराचार्यांचं पटतं. दोघांच्या अडचणीच वेगळ्या आहेत तर मत एक कसं असेल?

ईश्वर कोण मानतं, मोक्ष कुणाकडे आहे वगैरे फरक आहेत, ते कुठल्याही गाईडमध्ये मिळतील.

मला हे एवढं लागतं त्याचं कारण घरातलं आहे. माझ्या आतेभावाला डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा नातेवाईकांत एकच सूर होता, "शरीराला काही झालेलं नाही ना, मग मन खंबीर कर." मन पलीकडच्या काठावर आहे असं धरलं की त्याचं दुखणं आजार राहत नाही, चारित्र्याचा दोष होतो, आणि माणूस गोळी लपवून घ्यायला लागतो. हे बोलणारे सगळे रोज गीता वाचणारे! सांख्यकारिका सुरूच दुःखापासून होते, आणि पहिल्याच कारिकेवरच्या (श्लोकावरच्या) जुन्या टीकांमध्ये आध्यात्मिक, म्हणजे आपल्या स्वतःतूनच येणाऱ्या, दुःखाचे शारीर आणि मानस असे दोन प्रकार एकाच नावाखाली दिलेत. त्यावरून मी तरी असाच अर्थ काढतो की तापाची लाज वाटत नसेल तर मनाच्या दुखण्याचीही वाटायला नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांनाही हेच सांगितलंय, दोन्ही आजारांना सारखं वागवा.

आणि त्याच नातेवाईकांतले एक काका म्हणाले होते, आत्म्याला दुःख नसतंच, सगळा भास आहे. हे तर मला अजिबात मान्य नाही. पुरुष अलिप्त आहे म्हणून समोरच्याचं रडणं खोटं ठरत नाही.

एक विनंती, नोट्स लिहिताना पुरुषासाठी 'माइंड' लिहू नका प्लीज. 'माइंड'मध्ये जे जे येतं ते जवळपास सगळं मन, बुद्धी आणि अहंकारात वाटलं गेलंय. मी सांख्यासाठी 'मन-शरीर द्वैत' हा शब्द वापरणंच सोडलंय, द्रष्टा आणि दृश्य म्हणतो, त्यात मन कुठे बसतं ते मुलांना लगेच कळतं.