कळंब्याहून सुटल्यावर कामधंद्यासाठी लागणारे कागद : अर्ज नेमका कुठे अडतो

कोल्हापूरच्या कळंबा मध्यवर्ती कारागृहातून सुटून आलेल्या माणसाचा अर्ज परत येतो, तो बहुतेक वेळा अपात्रतेमुळे नव्हे, तर एखाद्या कागदावाचून. शिवाय तो कागद बाहेर पडतानाच मागून घेता आला असता. म्हणून सुटकेच्या दिवशी घाई असली तरी सुटकेचा दाखला, एकूण कारावासाच्या तारखा आणि आत केलेल्या कामाचा दाखला शिक्क्यासह मागावा. कारागृहात अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळलेल्यांना किंवा शिवणकाम केलेल्यांना बाहेर अनुभव विचारला जातो आणि तिथे हाच कागद उपयोगी पडतो.

सगळ्यांत जास्त अर्ज नावावर अडतात. फिर्यादीत ‘बाळू’ लिहिले गेले की तेच नाव निकालात आणि सुटकेच्या दाखल्यावर उतरते. आधारवर मात्र ‘बाळासाहेब’ असते. खिडकीपलीकडचा कारकून दोन्ही कागद शेजारी ठेवून अर्ज परत सरकवतो. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र यावर चालते. त्यासाठी 500 रुपयांचा स्टॅम्प आणायला सांगितले जाते, तेव्हा शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना 2004 च्या अधिसूचनेने मुद्रांक शुल्क माफ आहे, हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला नसलेल्या खर्चात पाडणे अन्यायाचे आहे.

दुसरी अडचण पत्त्याची. दरम्यानच्या काळात शिधापत्रिकेवरून नाव कमी झालेले असते आणि भाड्याची खोली सुटलेली असते. आई, वडील किंवा पत्नीच्या आधारवर योग्य पत्ता असेल, तर कुटुंबप्रमुखाच्या संमतीने आपल्या आधारवरील पत्ता बदलता येतो. 2023 पासून ही सोय ऑनलाइनही आहे. आधी हे करावे, मग शिधापत्रिका, मग बँक. दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय होते, पण ते बंद झालेले नसते. केवायसीचे, म्हणजे ओळख आणि पत्त्याचे, कागद देऊन ते पुन्हा सुरू करता येते आणि त्यासाठी बँकेने शुल्क घ्यायचे नसते.

चारित्र्य पडताळणीचा दाखला पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून मागता येतो. त्याच्या अर्जातील गुन्ह्याविषयीच्या रकान्यात ‘नाही’ लिहू नये, ही हात जोडून विनंती आहे. नोंद पोलिसांकडे असतेच आणि लपवल्याचा ठपका मूळ गुन्ह्यापेक्षा जास्त काळ छळतो. निर्दोष सुटलेल्यांनी निकालाची प्रमाणित प्रत आवर्जून जोडावी, कारण पोलीस ठाण्याच्या दप्तरात अनेकदा गुन्हा दिसतो, पण निकाल चढलेला नसतो. जिल्हा न्यायालयाची नक्कल कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातून मिळते.

सुरक्षारक्षकाच्या नोकरीबाबत वेगळे सांगणे भाग आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ही कामे चटकन दिसतात; परंतु खासगी सुरक्षा संस्थांच्या 2005 च्या कायद्यानुसार न्यायालयाने दोषी ठरवलेल्या व्यक्तीला रक्षक म्हणून नेमता येत नाही. तेव्हा शिक्षा झालेल्यांनी गणवेशासाठी आगाऊ पैसे भरू नयेत. निर्दोष सुटलेल्यांना ही अट लागू नाही. तसेच 1958 च्या परिवीक्षा कायद्याच्या (शिक्षेऐवजी सुधारण्याची संधी देऊन सोडण्याचा कायदा) कलम 3 किंवा 4 खाली ताकीद देऊन अथवा चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडलेल्यांना, कलम 12 मुळे, दोषसिद्धीला जोडलेली अपात्रता लागत नाही. आदेशातील ते कलम अधोरेखित करून दाखवावे.

स्वतःच्या धंद्यासाठी सहाय्य हवे असल्यास महिला व बाल विकास विभागाच्या जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्यांना भेटावे. उत्पन्नाचा दाखला मागितला, तर तो वर्षभर चालेल असे धरू नये. एका वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला 31 मार्चपर्यंतच ग्राह्य असतो. जानेवारीत काढला तर अडीच-तीन महिन्यांत तो निरुपयोगी ठरतो. गृहचौकशी व्हायची असेल, तर घरच्यांना आधी कल्पना द्यावी. शेजारी विचारतील या भीतीने घरातलेच ‘तो इथे राहत नाही’ असे सांगून टाकतात आणि सगळी खटपट तिथेच थांबते. चौकशीला येणारी व्यक्ती मदतीच्या अर्जासाठी आली आहे, पकडायला नाही, हे आईला आणि पत्नीला नीट समजावून ठेवावे.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावे आणि तो कागद घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे; मोफत सल्ल्यासाठी 15100 हा क्रमांक आहे.