फ्लॅट आणि घरसामानाचा विमा : ‘भारत गृह रक्षा’साठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

सोसायटीने इमारतीचा विमा काढलेला असला, तरी तुमचा फ्रिज, सोफा, कपडे त्यात येत नाहीत. आदर्श उपविधींनुसार (सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम) सोसायटीने आग आणि भूकंपाचा विमा काढायचा असतो, पण तो इमारतीचा. त्यामुळे अर्जाआधी सेक्रेटरींकडून त्या पॉलिसीची प्रत घ्या. तुमच्या फ्लॅटचं बांधकाम त्यात पुरेशा रकमेचं धरलेलं असेल, तर फक्त सामानाची पॉलिसी काढा. बांधकामाचा प्रीमियम दोनदा कशाला भरायचा?

‘भारत गृह रक्षा’ ही घराच्या विम्याची प्रमाणित, म्हणजे ठरवून दिलेल्या अटींची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. घरमालकाला बांधकाम, सामान किंवा दोन्ही घेता येतं, भाडेकरूला सामान. मुदत १० वर्षांपर्यंत.

चूक होते ती विमा रकमेत. बरेच जण फ्लॅटचा बाजारभाव लिहितात. त्यात जमिनीची किंमत असते आणि जमीन काही जळत नाही. कार्पेट क्षेत्रफळ गुणिले आजचा बांधकाम दर, एवढंच धरायचं. समजा ६० चौ.मी. आणि दर ३०,००० रुपये, तर रक्कम १८ लाख. बांधकामाचा विमा असेल तर तिच्या २० टक्के, म्हणजे ३.६ लाखांचं सामान यादी न देताच धरलं जातं. याची कमाल मर्यादा १० लाख. सामान त्याहून जास्त असेल तर यादी जोडा. दागिने मात्र यात नाहीत. ते वेगळे नोंदवावे लागतात. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एक नग १ लाखापर्यंत असेल तर मूल्यांकन दाखला लागत नाही.

अर्जासोबत केवायसी, म्हणजे ओळख आणि पत्त्याची कागदपत्रे द्यावी लागतात. खरेदीखत किंवा इंडेक्स २ (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि शेअर सर्टिफिकेट हाताशी ठेवा. क्षेत्रफळ करारातलंच लिहा. गृहकर्ज असेल तर बँकेचं नाव पॉलिसीत येतं, आणि बांधकामाची भरपाई आधी तिच्याकडे जाते.

काय मिळत नाही तेही पाहा. पाइप फुटून घरात पाणी शिरलं तर दावा बसतो, पण वर्षानुवर्षांची ओल म्हणजे झीज, ती नाकारली जाते. शॉर्टसर्किटने टीव्ही जळाला तर त्या टीव्हीचे पैसे नाहीत. त्यातून आग पसरून पडदे, पलंग जळले तर त्यांचे मिळतात. चोरी फक्त आग, पूर अशा घटनेनंतर ७ दिवसांत झालेली धरतात. साध्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, आणि नेमकं तेच घ्यायचं राहून जातं.

नुकसान झालं की कंपनीला लगेच कळवा आणि दावा अर्ज ३० दिवसांच्या आत द्या. सर्वेअर (नुकसानीची पाहणी करणारा) येऊन जाईपर्यंत जळकं सामान भंगारात देऊ नका. फोटो, बिलं, दुरुस्तीचा अंदाजखर्च, आगीत अग्निशमन दलाचा अहवाल, चोरीत एफआयआर जोडा. दावा फेटाळला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर तुमच्या भागाच्या विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारे अधिकारी) जाता येतं; तिथे शुल्क नाही.