महासाथ आणि कर्करोग शस्त्रक्रिया

महासाथीत कर्करोगाच्या रुग्णाला दोन बाजूंनी धोका असतो : उपचार चालू ठेवले तर संसर्गाचा आणि थांबवले तर गाठ वाढण्याचा. २०२० मध्ये कोविड-१९ पसरला तेव्हा पहिला धोका लगेच सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. दुसऱ्याचा हिशेब लागायला वर्ष गेले. भारतातला, विशेषतः मुंबईतला, त्या काळाचा अनुभव या नोंदीत आधाराला घेतला आहे.

सुरुवातीची भीती एका आकड्याभोवती फिरत होती. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या कोविडसर्ज या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाच्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या १,१२८ रुग्णांपैकी २३.८ टक्के ३० दिवसांत दगावले होते आणि निम्म्याहून अधिक जणांना फुफ्फुसाचा त्रास झाला होता. हा आकडा सर्रास ‘साथीत शस्त्रक्रिया केली तर चारातला एक जातो’ असा वाचला गेला. तो वाचण्यात चूक होती. अभ्यासातले सगळे रुग्ण शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोविडबाधित झालेलेच होते आणि त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश शस्त्रक्रिया तातडीच्या होत्या. संसर्ग नसलेल्या, तारीख ठरवून दाखल केलेल्या रुग्णाला हे प्रमाण लागू होत नाही.

याच सुमारास परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने शस्त्रक्रियागृहे चालू ठेवली होती. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात तिथे कर्करोगाच्या ४९४ नियोजित शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या ३७७ रुग्णांची कोविड चाचणीही झालेली नव्हती, कारण तेव्हा लक्षणे नसलेल्यांची सरसकट चाचणी होत नव्हती. पंच्याऐंशी टक्क्यांवर शस्त्रक्रिया क्लिष्ट वर्गातल्या होत्या. मोठ्या गुंतागुंती ५.६ टक्के रुग्णांत झाल्या, शस्त्रक्रियेनंतर सहा जण बाधित निघाले आणि मृत्यू एकही नाही. मात्र या रुग्णांचे मध्यक वय ४८ होते, साठीच्या पुढचे फक्त १३ टक्के, आणि बहुतेकांना दुसरा आजार नव्हता. सत्तरीतल्या, मधुमेह आणि दमा असलेल्या रुग्णाला हा निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही.

देशभरचे चित्र वेगळे होते. नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशातल्या कर्करोग केंद्रांच्या जाळ्यातल्या ४१ केंद्रांची १ मार्च ते ३१ मे २०२० ची आकडेवारी आधीच्या वर्षाच्या त्याच तीन महिन्यांशी ताडून पाहिली, तेव्हा नवीन रुग्णांची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली होती, म्हणजे ५४ टक्के घट. मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी कमी झाल्या, बाह्यरुग्ण केमोथेरपी ३७ टक्क्यांनी, रेडिओथेरपी २३ टक्क्यांनी. मोठ्या शहरांत घट जास्त होती. रेडिओथेरपी सर्वांत कमी घटली याचे एक कारण सरळ आहे : सुरू झालेला कोर्स मध्येच सोडता येत नाही. डोके-मानेच्या कर्करोगात एका दिवसाचा खंड पडला तरी रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने उतरते. शस्त्रक्रिया निम्म्यावर आल्या त्याला केवळ बंद शस्त्रक्रियागृह जबाबदार नव्हते. ज्याचा केसपेपरच निघाला नाही, त्याची तारीख कुठून लागणार?

कोणाला थांबवायचे : याचा निर्णय गाठीच्या स्वभावावर होतो. कमी जोखमीचा प्रोस्टेटचा कर्करोग, थायरॉइडची लहान पॅपिलरी गाठ, त्वचेचा बेसल सेल कर्करोग हे काही महिने थांबू शकतात. हार्मोनला दाद देणाऱ्या स्तनाच्या गाठीत टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल ही हार्मोन रोखणारी औषधे सुरू करून शस्त्रक्रिया पुढे नेता येते. गुदाशयाच्या कर्करोगात पाच दिवसांत २५ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) असा छोटा रेडिएशन कोर्स देऊन शस्त्रक्रियेला काही आठवडे मिळवता येतात. तीव्र रक्तकर्करोग, आतडे तुंबवणारी गाठ आणि तोंडाचा कर्करोग यांना मात्र वेळ देता येत नाही. गालाच्या आतली दोन सेंटिमीटरची जखम दोन-तीन महिन्यांत जबड्याच्या हाडात किंवा गालाच्या कातडीपर्यंत जाऊ शकते. तोंड उघडेनासे होते, आणि मग आधी फक्त गालाचा भाग काढून भागले असते तिथे जबडाही काढावा लागतो. थांबण्यात आणखी एक खोट आहे : सीटी स्कॅन सहा आठवड्यांपेक्षा जुना झाला की तो पुन्हा काढावा लागतो आणि रुग्ण रांगेत मागे जातो.

दाखल करण्याआधी : आरटी-पीसीआर चाचणी शस्त्रक्रियेच्या ४८ ते ७२ तास आधी होई. निगेटिव्ह अहवालानंतर रुग्ण पुन्हा गर्दीच्या खोलीत राहायला गेला तर त्या अहवालाला अर्थ उरत नाही, म्हणून चाचणी आणि दाखल होणे यांमधले दिवस विलगीकरणात काढायला सांगत. परगावच्या रुग्णाला हेच सर्वांत अवघड. एका खोलीत चार जण आणि सामाईक संडास असताना वेगळे राहायचे कुठे? चाचणी पॉझिटिव्ह आली तर नंतरच्या मोठ्या अभ्यासाने किमान सात आठवडे थांबण्याचा सल्ला दिला, कारण त्याआधी केलेल्या शस्त्रक्रियेत मृत्यू वाढलेले दिसले. जलद वाढणाऱ्या गाठीत इतके थांबणे परवडत नाही. तिथे रुग्णाची दमछाक, ऑक्सिजनची पातळी आणि गाठीची गती यांवर ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत, निर्णय होई. लसीकरणानंतर हे अंतर कमी झाले.

शस्त्रक्रियागृहात : भूल देताना नळी घालण्याच्या आणि काढण्याच्या वेळी खोलीत फक्त भूलतज्ज्ञ व एक साहाय्यक, बाकी सगळे बाहेर. ट्रॅकिओस्टोमी (गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करणे) करताना श्वासनलिका उघडण्याच्या क्षणी व्हेंटिलेटर थांबवायचा आणि नळीचा फुगा छेदाच्या खाली सरकवायचा, म्हणजे हवेचा फवारा तोंडावर येत नाही. पोटाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत वायूचा दाब कमी ठेवून, धूर फिल्टरमधून बाहेर सोडूनच गाठ काढत. या धुरातून लागण झाल्याचा ठोस पुरावा पुढे मिळाला नाही.

पीपीईचा, म्हणजे संसर्गापासून बचावाच्या पोशाखाचा, खरा जाच लांब शस्त्रक्रियांत झाला. पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड काढून त्याचा जबडा घडवण्याच्या फ्री फ्लॅप (शरीराचा एक भाग सोडवून दुसरीकडे रक्तवाहिन्यांसह जोडण्याच्या) शस्त्रक्रियेत आठ ते बारा तास जातात. एन-९५ आणि फेसशिल्डमागे भिंगांवर वाफ धरते आणि दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या शिवताना तीच नडते. शिवाय त्या फ्लॅपचा रंग व रक्तप्रवाह पहिला दिवस तासातासाला पाहावा लागतो, त्याला अतिदक्षता विभागातली खाट आणि परिचारिका लागते. दोन्हींची टंचाई असल्याने अनेक ठिकाणी छातीच्या स्नायूचा फ्लॅप फिरवून आणण्याची जुनी पद्धत पुन्हा वापरात आली. ती तीन-चार तासांत आवरते आणि इतकी राखण मागत नाही. चेहऱ्याचा घाट मात्र तेवढा नीट राहत नाही आणि पुढे दात बसवणे कठीण जाते.

ताप : केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली आलेल्या रुग्णाला ताप आला तर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे, हा जुना नियम. साथीत तापाचा रुग्ण दारातच कोविड संशयित ठरून वेगळ्या कक्षात जाई आणि अहवाल येईपर्यंत सलाइनपलीकडे काही मिळत नसे. कोविड निगेटिव्ह निघूनही तो जंतुदोषाने दगावू शकतो. उपाय सोपा आहे : स्वॅब घ्यायचा, पण पहिला डोस अहवालाची वाट न पाहता संशयित कक्षातच द्यायचा. त्यासाठी केमोची तारीख केसपेपरच्या पहिल्या पानावर ठळक लिहिलेली असावी लागते.

रक्ताची अडचण कमी चर्चिली गेली. महाविद्यालये, सोसायट्या, मंडळे यांची शिबिरे थांबली. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, त्यामुळे त्यांचा साठा करून ठेवता येत नाही. रक्तकर्करोगाच्या रुग्णाला आठवड्यातून अनेकदा त्या लागतात आणि नातेवाइकांतला दाता जिल्हाबंदीपलीकडे असे.

प्रवास : मुंबईची लोकल मार्च २०२० मध्ये बंद झाली आणि १५ जूनपासून फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली. मुंबईहून गावी गेलेल्याला १४ दिवस विलगीकरण होते. केमोचे चक्र बहुधा २१ दिवसांचे असते. म्हणजे विलगीकरण संपून सात दिवस उरत, आणि त्यांत रक्ततपासणी, ई-पास आणि गाडीची सोय जमवायची. म्हणून अनेकांनी परत न जाता शहरातच, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी किंवा मिळेल त्या आडोशाला, मुक्काम वाढवला. ज्यांची पुढची चक्रे जिल्ह्याच्या रुग्णालयात देणे शक्य होते त्यांना ती तिथेच देणे हा खरा मार्ग होता, आणि केमोचा छापील तक्ता सोबत असेल तिथेच तो सुरळीत चालला.

केंद्र सरकारने २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची नियमावली काढल्यावर फेरतपासणीचे काम फोनवर हलले. अहवाल व्हॉट्सॲपवर पाहता येतो. मानेतली नवी गाठ मात्र बोटाने चाचपूनच कळते. मॉर्फिनसारखी अमली वर्गातली औषधे फोनवरून लिहून द्यायला या नियमावलीत मनाई होती. वेदनेने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी कुणाला तरी शहर गाठावेच लागे, आणि परिहारक (वेदना व त्रास कमी करण्याच्या) उपचारांसाठी पाठवलेल्यांची संख्या ग्रिडच्या केंद्रांत २९ टक्क्यांनी घटली.

दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या उन्हाळ्यात, आणखी एक ओझे आले. कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिस या बुरशीच्या संसर्गात वरचा जबडा, सायनस, प्रसंगी डोळाही काढावा लागे. हे काम करणारे कान-नाक-घसा आणि डोके-मानेचे सर्जन तेच, शस्त्रक्रियागृहेही तीच. तोंडाच्या कर्करोगाची यादी पुन्हा मागे पडली.

लसीकरणात १ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील सर्वांना आणि ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधिग्रस्तांना लस मिळू लागली. यादीत कर्करोग होता, पण अट अशी की गाठीचे निदान १ जुलै २०२० नंतरचे हवे किंवा उपचार चालू हवेत. उपचार संपवून फेरतपासणीवर असलेला पन्नाशीचा रुग्ण त्यात बसत नव्हता. १ एप्रिलला ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. तोंडाच्या कर्करोगाचे चाळिशीच्या आतबाहेरचे रुग्ण, ज्यांची केमो चालू होती तेसुद्धा, १ मेपर्यंत पात्र ठरले नाहीत.